शेवटच्या रिळातला बाप

माझ्या बापाने माझ्या आईला फसवलं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तिला दुसऱ्यांदा फसवणारा मी — हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ही गोष्ट बाजूला ठेवत आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल. आपल्या माणसाला सांगितलं की ते लगेच समजूत घालायला लागतं, आणि समजूत मला नको आहे.

आधी बापाचं सांगतो. बघा — गुन्हा माझा, तरी सुरुवात त्याच्यापासूनच. ही खोड जुनी आहे.

वाईच्या खालच्या अंगाला कृष्णेकाठी आमचं गाव. थोडी जमीन, एक बैलजोडी. बापाचा गळा गोड होता. भजनात उभा राहिला की बाया चुलीवरचं तसंच टाकून ओट्यावर यायच्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका सकाळी त्याने जोडीतला चांगला बैल सोडला, कराडच्या बाजारात बदलून आणतो म्हणाला, आणि गेला. ना बैल परत आला, ना तो. मागे राहिला डावीकडचा बैल. एका बैलाचं काय करतात? जू तर दोघांचं असतं. मग आई दुसऱ्या एखाद्या एकबैल्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. चार दिवस आमचा बैल त्याच्या रानात, चार दिवस त्याचा आमच्या. आमच्याकडे याला वारंगुळा म्हणतात. बाईमाणसाचा वारंगुळा, म्हणून आमचं रान सगळ्यांच्या शेवटी नांगरलं जायचं. वाफसा निघून, मातीतली ओल आटल्यावर.

आणि ही बाई काय करायची? सणाला त्याचं ताट वाढायची. पहिली पुरणपोळी त्याच्या ताटात. दुसरी माझ्या. मग त्याचं ताट उचलून ती पोळी बैलाला घालायची. मी तिसऱ्या नंबरावर होतो की दुसऱ्या, हे मला कधी कळलं नाही. तुम्ही म्हणाल, पोळीवरून कुणी जळतं का? मी जळलो. पुढे तंबूचा मालक झालो, मिशीला पीळ आला, तरी त्या पहिल्या पोळीवर माझा डोळा होता.

तंबू म्हणजे सिनेमाचा तंबू. बारा-तेरा वर्षांचा असताना मी साताऱ्यात एका फिरत्या सिनेमाच्या दारात भाजक्या शेंगा विकायला बसलो. शेंगांवरून तिकिटाच्या खिडकीवर, खिडकीवरून मशीनपाशी. मालक कंटाळला तेव्हा त्याचं जुनं मशीन, फाटकी कनात आणि खोकणारं इंजिन मी घेतलं — असं घासून घेतलं की तो उठताना म्हणाला, "तू बामणाच्या पोटी असतास तर दिवाण झाला असतास." मी कुणाला भिकारपणे हात जोडले नाहीत. औंधच्या यमाईची जत्रा, माधवनगरची गिरणी, मिरजेचा उरूस, जिथे माणूस जमेल तिथे माझा तंबू. लढाईची वर्षं होती. मशीनच्या दिव्याला लागणारे कार्बन मिळत नव्हते, इंजिनाला तेल मिळत नव्हतं. मी मिळवत होतो. कसं, ते विचारू नका.

पैसे घरी पाठवत होतो. विहिरीला मोट माझी, घरावर कौलं माझी. आणि कुंकू त्याचं. रोज पहाटे मेण लावून, वर कुंकू — रुपयाएवढं.

माझे चुलते आबा. वाईट माणूस नव्हे, पण रीत म्हणजे रीत. माणसाची बारा वर्षं खबर नसली तर पळसाच्या देठांचा माणूस करायचा आणि त्याचं क्रियाकर्म उरकायचं, नाहीतर तो ना धड जिवंतांत, ना धड पितरांत. आमची बारा वर्षं केव्हाच उलटून गेली होती. दर पितृपंधरवड्यात आबा हा विषय काढायचे आणि दर वेळी आई एकच बोलायची, की मेल्याचं कुणी बघितलंय? मग माझं कुंकू कुणी पुसायचं?

तिच्या या बोलण्यावर आबा उठून जायचे. मीही. पण मी उठायचो वेगळ्या कारणाने. मला वाटायचं, ह्या बाईने माझ्यासाठी कधी कुणाशी असा वाद घातलाय का?

मग महादू आला. गावातलाच, माझ्याहून थोडा मोठा, फौजेत होता, रजेवर आला होता. पुण्यात त्याने एक बोलपट बघितला होता. आल्या आल्या आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आवं काकी, आपलं काका हायती त्यात. हालत्यात, बोलत्यात. नाव निराळं लावलंय, पर मानूस त्योच." मी दिवाळीला घरी होतो, दारात उभा राहून ऐकत होतो. आईने त्याला गूळपाणी दिलं. तो गेल्यावर माझ्याकडे वळली.

"शंकर, तुजा तंबू हाय न्हवं? त्यो बोलपट आन. मी एकदा डोळ्यानं बघते. त्यो असला तर आबांना सांगते, पुन्ना इचारायचं न्हाई. नसला तर — करा काय करायचं त्ये."

इतकी वर्षं माझा तंबू होता. तुझा सिनेमा दाव म्हणून एकदा तरी म्हणाली होती का? नाही. देवाधर्माचे खेळ लावले तेव्हाही नाही. आणि आज त्याच्यासाठी माझा तंबू तिला आठवला.

मी नाही म्हणालो नाही. कोल्हापुरात जाऊन भाड्याने चित्रं देणाऱ्या दलालाकडे बसलो. त्याने गोष्ट सांगितली. बायको आणि पोराला टाकून बाप परागंदा होतो, सावकार छळतो, पोरगा गाणी म्हणतो, आणि अगदी शेवटच्या रिळात बाप घरी येतो. "बाया अशा रडतात हो, की पुसायला पदर पुरत नाही." मी म्हणालो, "बाप शेवटच्या रिळात येतोय, तर बाकीच्या रिळांचं भाडं कशापायी?" तो हसला आणि भाडं उतरवलं. मीही हसलो. मला अजून वाटत होतं, महादूला भास झाला असेल.

पहिला खेळ औंधच्या जत्रेत लावला. माझा ऑपरेटर रमजानभाई, मिरजेचा, माझ्याहून वयाने मोठा. त्याच्याशेजारी मशीनपाशी उभा राहून मी बघत होतो. रिळामागून रीळ गेलं. त्या घरात बाप नाही, सगळे बापाविषयीच बोलतायत. मला ते घर ओळखीचं वाटू लागलं. आणि मग शेवटचं रीळ. दार. दारात एक माणूस. दाढी वाढलेली.

दाढी चिकटवलेली होती. पण माणूस चिकटवलेला नव्हता.

कसा ओळखला? चेहऱ्यावरून नाही. चेहरा मी विसरलो होतो, आज कबूल करतो. पोरगा धावत आला, तेव्हा त्या माणसाने त्याला उचलण्याआधी दोन्ही हात धोतराला पुसले. एकदा, पुन्हा एकदा. ओझं उचलण्याआधी माझा बाप असंच करायचा. पोतं उचलताना, मोट उचलताना. मला उचलताना? आठवत नाही. आठवायचा मी फार प्रयत्न केलाय.

"मी चुकलो," तो पडद्यावर म्हणाला. तंबूभर हुंदके उठले. आणि त्याने त्या पोराला उचललं, खांद्यावर घेतलं, उपरण्याने त्याचं नाक पुसलं. कोण होता तो पोरगा? कोल्हापुरातल्या कुणाचा तरी गुबगुबीत मुलगा, केसांचा भांग पाडलेला, रोजावर आणलेला. 'मी चुकलो' हे शब्दही कुणीतरी कागदावर लिहून दिलेले. पण बोलला तर खरा. त्या पोराला बोलला! मी तिथे मशीनच्या धगीत उभा होतो, आणि मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. मोठा बाप्या माणूस, एका पोरावर जळतोय. हसा. मी हसलो असतो.

आई चार दिवसांनी माधवनगरला येणार होती. आबा तिला आणणार होते.

इथवर आलो, आता थांबता येणार नाही. औंधचा तळ हलवायच्या दुपारी मी रमजानभाईला शेवटचं रीळ काढायला लावलं आणि सांगितलं, पोरगा दारात उभा राहून रस्त्याकडे बघतो तिथे काप, आणि 'समाप्त' थेट तिथे जोड. मधलं सगळं बाहेर. चित्र तुटलं की पात्याने खरवडून, औषध लावून दोन टोकं चिकटवायची, हे त्याचं रोजचंच काम. पण न तुटलेलं चित्र तोडायला त्याचा हात होईना.

"मालक, बाप घरी न्हाई आला तर गोष्ट संपंल कशी?"

"न्हाई आला तर न्हाई आला. सगळ्यांचे येत्यात व्हय?"

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की तंबूतली माणसं कामाला लागत. त्याने कापलं. कापलेली पट्टी मी डब्यात घातली. ती उन्हात धरली की दिसायचं — बोटाच्या नखाएवढा बाप, त्याच्या खांद्यावर नखाएवढा पोरगा, आणि त्याच्याखाली पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. दिवसातून कितीदा तरी मी ती पट्टी उन्हात धरत होतो. आईपासून लपवलं ते मी पोटभर बघितलं, हेही सांगून टाकतो.

मी का केलं? तेव्हा स्वतःला सांगितलं, तिचं वाट बघणं संपावं म्हणून. खोटं. वाट बघणं संपवायचं असतं तर तिला तो दाखवला असता, की बघ, जिवंत आहे आणि दुसऱ्याच्या पोराला खेळवतोय. मला तिच्या डोळ्यांत त्याला जिवंत होऊ द्यायचं नव्हतं. त्याने 'मी चुकलो' म्हटलं असतं आणि तिने माफ केलं असतं — तिथल्या तिथे, पडद्याला. मला ती खात्री होती. मी सोळा वर्षं राबून जे मिळवलं नव्हतं ते तो दोन शब्दांत घेऊन गेला असता.

माधवनगरला ती आली. हिरवं लुगडं नेसून, त्याच दिवशी हातभर नवा चुडा भरून. नवऱ्याला भेटायला बाई येते तशी. कनातीच्या पलीकडे, बायकांच्या बाजूला, अगदी पुढे बसली. आबा पुरुषांत. पाळी सुटलेले गिरणीकामगार खचाखच भरले होते.

खेळ झाला. पोरगा दारात उभा राहिला, रस्त्याकडे बघत राहिला, आणि — 'समाप्त'. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "आरं बाप कुठाय?" "मालक, बाप कुठं ठिवला?" "तिकिटात बाप बी हाय गड्या, बाप काढ भायेर!" कुणीतरी आधी कोल्हापुरात बघितलेला निघाला, तो ओरडायला लागला की शेवट कापलाय म्हणून, पण त्या शिट्ट्यांत त्याचं बोलणं कनातीपलीकडे पोचलं नाही. पुढची रांग उठून उभी राहिली. अशा वेळी मालकाने पुढे व्हायचं असतं, नाहीतर कनात फाटते. मी पडद्यासमोर गेलो. दिवा माझ्या तोंडावर. बायकांच्या बाजूचं काही दिसत नव्हतं, पण ती कुठे बसली आहे ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "बाप वाटंत मेला. त्यो येत न्हाई. गोष्ट येवढीच हाय."

मग मागून एक कामगार म्हणाला, "मग आदी सांगायचं हुतं की. लय वाट बगाय लावली." लोक हसले, आणि हसत हसत बाहेर पडले.

ती उठली नाही. तंबू रिकामा झाल्यावर मी जवळ गेलो. ती पडद्याकडेच बघत होती. पडदा नुसता पांढरा.

"ह्यात त्यो नव्हताच, आई. महादूला भास झाला."

तिने एकदा हातातल्या बांगड्या मागे सारल्या. म्हणाली, "मग उगंच चुडा भरला."

बास. आबांना तिने रस्त्यातच सांगून टाकलं, उरका म्हणून.

वाईच्या घाटावर आम्ही ते उरकलं. भटजींनी दर्भावर पळसाच्या देठांचा माणूस निजवला. हात, पाय, छाती, सगळं देठांचं, आणि डोक्याच्या जागी नारळ. मी मुंडण केलं. मीच अग्नी दिला. जिवंत बापाला, ज्याची पट्टी माझ्या डब्यात होती. भटजी बोलके होते. म्हणाले, "असं केल्यावर माणूस परत आलाच, तर शास्त्र आहे. त्याला जन्मल्यासारखं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं." आबा हसले. मीही हसलो. पलीकडे पाण्याच्या कडेला बायका आईचा चुडा दगडावर फोडत होत्या. नवा होता. नव्या काचेचा आवाज मोठा येतो.

तेव्हा मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. घरात आता एकच पुरुष.

पुढच्या सणाला तिने पुरणपोळ्या केल्या. पहिली पोळी पितरांच्या नैवेद्याला काढली. त्याच्या नावाने. दुसरी माझ्या ताटात. मी ताट ढकलून उठलो.

चित्र परत द्यायची वेळ आली, तेव्हा दलाल प्रत्येक रीळ मोजून घेणार होता. रमजानभाईने पट्टी होती तिथे परत जोडली. हात इतका साफ की जोड दिसेना. ते चित्र पुढे साताऱ्याला गेलं, कराडला गेलं, दुसऱ्यांच्या तंबूंत लागलं, आणि प्रत्येक गावात शेवटच्या रिळात माझा बाप घरी आला. माझ्या आईखेरीज सगळ्यांकडे आला.

वर्ष उलटलं असेल. आबांची मुलगी साताऱ्याहून माहेरी आली होती. सिनेमाची हौस भारी, बघितलेली प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगायची. ही गोष्टही तिने आमच्या ओट्यावर बसून सांगितली असणार, शेवटासकट. मी घरी आलो तेव्हा आई अंगणात सुपात जोंधळा निवडत बसली होती. कपाळ मोकळं. मी पायरीवर टेकलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"म्हातारा झालाय का रं त्यो?"

एवढंच. 'खोटं का बोललास' नाही. 'असं का केलंस' नाही. माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. मी तिला विधवा केलं होतं, हे तिला कळलं होतं, आणि त्यातूनही तिला विचारायचं होतं ते त्याच्याविषयी! ती माझ्या अंगावर आली असती तर मी पाय धरले असते — असं मला वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे? मी केलं ते हे: मी उठलो, आणि शेजारी भिंतीवरून डोकावतील एवढ्या मोठ्याने ओरडलो,

"मेलेली मानसं म्हातारी हुत्यात व्हय?"

तिने मान हलवली. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला, आणि पाखडायला लागली.

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. हा विषय तिने काढला नाही, मी काढला नाही. कुंकवाला तिने परत हात लावला नाही. देठांचा का होईना, जळला होता तो, आणि तो परत जन्मून तिच्या दारात येणार नव्हता. मी त्याला शोधू शकलो असतो. कोल्हापूर काही लांब नव्हतं. मी महिन्यातून एकदा तिथे जातच होतो, दलालांशी घासाघीस करायला. एकदाही विचारलं नाही, तो कुठे राहतो म्हणून.

बैल नेला, बाई टाकली, त्याचा जाब त्याने द्यावा, कुठे असेल तिथे. पण तिच्या कपाळाचा जाब? तो त्याच्याकडे मागता येत नाही, आबांकडे नाही, रमजानभाईकडे नाही. शंकर, तो तू दे. तिने विचारलं होतं, आणि तुला माहीत होतं.

हो, आई. म्हातारा झाला होता. दाढी खोटी होती, पण मान वाळली होती, आणि पोराला उचलून उभा राहताना त्याने एक हात दाराच्या चौकटीला टेकला होता.